एकसंध ऐकाव्यात अशा ध्वनिमुद्रिका

(आकाशवाणीवरील भाषण)

एखादे गाणे आवडणे आणि गाण्यांचा अख्खा संच आवडणे या निराळ्या गोष्टी आहेत. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. १९४८ मध्ये अमेरिकेत ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक जागा मिळाली. मग पहिले गाणे कोणते, शेवटचे कोणते, मध्ये काय, हा विचार संगीतकाराला करावा लागला. ज्या संचात तो विचार कानाला जाणवतो, तो पुन्हा पुन्हा ऐकला जातो.

श्रीवर्धनसारख्या किनाऱ्यावरच्या गावात पहिला मान कोळीगीतांचा. शांता शेळके यांची गीते, हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे आवाज असा तो छोटेखानी ठेवा आहे. ही गीते पारंपरिक नाहीत. कवयित्रीने कोळ्यांच्या बोलीचा बाज घेऊन ती रचली. चाली प्रथम लोकगीतासारख्या सोप्या वाटतात, गाऊ लागले की अवघड निघतात. हेमंतकुमार मूळचे बंगाली; तरी त्यांच्या भरदार, किंचित घुमणाऱ्या आवाजामुळे होडीवरच्या गड्याची ऐट खरी वाटते. एका गीतात दर्यावर हुकमत सांगणारा डोलकर आहे, तर दुसऱ्यात वादळ सुटल्यावर किनाऱ्यावर जीव टांगणीला लागलेली स्त्री आहे. ही दोन गीते पाठोपाठ ऐकली तरच पहिल्यातल्या फुशारकीमागचे भय कळते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने याच पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर त्या दुसऱ्या गीताचे स्पष्टीकरण कोणाला द्यावे लागत नाही.

‘गीतरामायण’ मुळात तबकडीसाठी नव्हतेच. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून दर आठवड्याला एक याप्रमाणे ते वर्षभर चालले. अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ वर गेली. ग. दि. माडगूळकर गीत लिहीत आणि सुधीर फडके चाल लावीत. नभोवाणीवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके असे अनेक गायक होते. पुढे आलेल्या ध्वनिमुद्रिकांत सगळी पात्रे एकट्या फडक्यांच्या गळ्यात आली. त्यात काही हरवले, हे मान्य करावे लागेल. कौसल्येचे गीत स्त्रीच्या आवाजात निराळेच लागते. पण मिळाले ते अधिक मोलाचे: रामकथा सांगणारा एकच कथेकरी. आरंभीचे कुश-लवांचे गीत भूपात आहे आणि अखेरचे भैरवीत. म्हणजे मैफल संपवण्याची रीत वर्षभराच्या मालिकेलाही लावलेली आहे. मोजकी लोकप्रिय गीते निवडून ऐकणाऱ्याच्या हाती ही भैरवी लागते, पण तिच्यापर्यंत नेणारी वाट लागत नाही.

क्रमाचे महत्त्व सर्वांत ठळक दिसते ते ‘शिवकल्याण राजा’मध्ये. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनिमित्त १९७४ मध्ये निघालेल्या या ध्वनिमुद्रिकेत समर्थ रामदास, कवी भूषण, गोविंदाग्रज, सावरकर आणि कुसुमाग्रज एकत्र आहेत. तीनशे वर्षांचे अंतर, मराठीच्या जोडीला ब्रज भाषा, पाळण्यापासून रणगर्जनेपर्यंतचे भाव हे सगळे सांधले जाते ते हृदयनाथांच्या संगीताने आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्या निवेदनाने. श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथ भट यांचे गाव. तिथल्या श्रोत्याला इतिहासाची गोडी लावावी लागत नाही. तरीही निवेदन वगळून नुसती गाणी लावली, की त्यांची स्फूर्तिगीते होतात आणि कथा नाहीशी होते. हल्ली मोबाइलवर नेमके हेच घडते.

भक्तिसंगीतात श्रीनिवास खळे यांनी लताबाईंकडून गाऊन घेतलेले ‘अभंग तुकयाचे’ आणि राम फाटक यांच्या चालींतले भीमसेन जोशींचे अभंग शेजारी ठेवून ऐकावेत. खळ्यांच्या चालीत शब्द उलगडत जातो, तर भीमसेनांकडे मैफलीचा जोर आणि वारीतला गजर एकत्र येतात. कोणता थोर, हा वाद निष्फळ आहे.

कॅसेट आल्यावर ध्वनिमुद्रण स्वस्त झाले आणि गावाची गाणीही बाजारात आली. ‘वेसावकर आणि मंडळी’ यांच्या कोळीगीतांनी हळदी आणि लग्ने दणाणून सोडली. ही गाणी बसून ऐकण्याची नव्हेत, त्यामुळे शेळके-मंगेशकरांच्या रचनांशी त्यांची तुलना करणे अन्यायाचे आहे. पाय थिरकले की त्यांचे काम झाले. जाखडी म्हणजेच बाल्या नाचाच्या कॅसेटी मुंबईत नोकरीला असलेल्या रायगड-रत्नागिरीकरांनी जिवापाड जपल्या. शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचा रात्रभर चालणारा सामना त्यांत तासाभरात बसवावा लागे. सवाल-जवाबाची धार टिकली, पण शाहिराने ऐन वेळी रचलेले टोमणे आणि समोरच्या गर्दीची दाद मात्र फितीत पुरती उतरली नाही. तरी आधी गण, मग गवळण हा रिवाज पुष्कळ ठिकाणी पाळला गेला. हा क्रम कोणा कंपनीने ठरवलेला नव्हता; तो रंगणातून जसाच्या तसा आलेला होता.