‘रक्तच तसं’ म्हणण्याआधी
(मालवणातील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)

मंडळी, आपल्या जिल्ह्यात कातकऱ्यांना सर्रास ‘वानरमारे’ म्हणतात. त्यांचं एक पोर वर्गात मागे बसायचं, हाक मारली की दचकायचं. ‘रक्तच तसं,’ मीही म्हणून गेले. चुकलं माझं.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. 2004 मध्ये ते छापून आले. जी आई पिलांना भरपूर चाटते, तिची पिलं मोठेपणी कमी बिचकतात. कमी चाटणाऱ्या आईची पिलं जन्मताच मायाळू आईकडे दिली, तर तीही धीट निघाली. जनुकं तीच, त्यांवरच्या रासायनिक खुणा मात्र वेगळ्या. नुसत्या चाटण्याने, बरं का!

माणूस उंदीर नव्हे, कबूल. पण 1998 मध्ये प्रौढ माणसाच्या मेंदूतही, हिप्पोकॅम्पस या आठवणींच्या भागात, नव्या पेशी आढळल्या. किती बनतात यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. उंदरांत मात्र त्या सततच्या ताणाने घटतात, धावण्याने वाढतात.

ते पोर आता माझ्या शेजारी बसतं. परवा पेजेच्या वाडग्यावरून त्याने पहिल्यांदा भांडण काढलं. मी ओरडले नाही. वाडगा भरून दिला.