खरी गुहा, खोटी गुहा
(मंडळाच्या प्रवास-अनुभव कार्यक्रमात केलेले भाषण)



मागे एका उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून लंडनला आल्या होत्या. पॅरिस त्यांचं आधीच बघून झालेलं. म्हणून गाडी काढली आणि थेट नैऋत्य फ्रान्समध्ये, दोर्दोन्य नदीच्या परिसरात गेलो. मुक्काम सार्ला या मध्ययुगीन गावात.

शनिवारी तिथे मोठा बाजार भरतो. पिवळसर दगडी घरांच्या मधून अक्रोड, बकरीच्या दुधाचं चीज, लसणाच्या माळा! एका जुन्या चर्चमध्येसुद्धा मंडई आहे. सासूबाई खुणांनीच घासाघीस करायला गेल्या. भाव काही उतरला नाही, पण बाईंनी मूठभर अक्रोड वर घातले.

दुसऱ्या दिवशी लास्को. १९४० साली चार मुलांना सापडलेली ही गुहा. भिंतींवर सुमारे १७ हजार वर्षांपूर्वीचे बैल, घोडे, हरणं. १९४८ मध्ये ती सर्वांना खुली झाली आणि माणसांच्या श्वासाने, दिव्यांच्या उजेडाने भिंतींवर शेवाळ धरलं. १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. आज आपण बघतो ती २०१६ मध्ये उघडलेली प्रतिकृती.

आमची तेरा वर्षांची लेक फुरंगटली. "आई, एवढ्या लांब येऊन खोटी गुहा? आपल्या हॉलमधल्या दिवाळीसारखं!"

मला ते लागलं. दहा वर्षं त्या हॉलसाठी मी चकल्या तळतेय.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, देवळात मूळ मूर्ती गाभाऱ्यातच राहते. पालखीत बसते ती उत्सवमूर्ती. तिला कुणी खोटी म्हणतं का? नमस्कार तिथेच पोचतो."

लेक गप्प बसली.

परतण्याआधी पेश मेर्लच्या गुहेत गेलो. ही मात्र मूळ गुहा. रोज ठराविकच माणसं आत सोडतात. ठिपक्यांच्या घोड्यांभोवती माणसांचे पंजे! हात भिंतीला टेकवून भोवती रंग फुंकलेला. लेकीने लांबूनच आपला पंजा त्या पंजासमोर धरला. शेजारी आजीनेही धरला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आजी, आधी लास्को बघितलं ते बरं झालं. काय बघायचं ते तिथे कळलं."

तेव्हा मंडळी, जमलं तर जरूर जा. पेश मेर्लचं तिकीट आधी काढा, आणि स्वेटर न्या, आत गारठा असतो. आणि हो, यंदा हॉलच्या दारातली रांगोळी आमची लेक काढणार आहे. जरा बघून पाय टाका!