शाळेचे वर्ष लांबवावे काय ?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस केली, तिच्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. आपल्या शिक्षणनिधीतून ज्ञातीतील सर्व शाळकरी मुलामुलींसाठी दरसाल मे महिन्यात पूर्ण वेळ वर्ग चालवावेत, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे. शाळेला सुट्या फार, शिकवणे थोडे, म्हणून आपली मुले मागे राहतात. वर्ष लांबविले की विद्या वाढेल, असा त्यांचा सरळ हिशेब आहे. परंतु निधी थोडा आहे आणि कित्येक कुटुंबांनी तो पोटाला चिमटा घेऊन दिलेला आहे. तेव्हा तो खर्ची घालण्यापूर्वी या हिशेबात कोठे हातचा विसरला तर नाही ना, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम शाळेचे वर्ष म्हणजे किती दिवस, हे ध्यानात घेऊ. सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास ठरवून दिले आहेत. त्यापूर्वी डॉ. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली सादर केलेल्या अहवालात शाळांसाठी ३९ आठवडे, म्हणजे सुमारे २३४ दिवस सुचविले होते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र जे. पी. नाईक हे त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. म्हणजे वर्ष लांबविण्याची कल्पना नवी नाही आणि ती मांडणारे लोकही लहान नव्हते.

परदेशांतही हाच प्रश्न उठला आहे. अमेरिकेत शाळेचे वर्ष सामान्यतः १८० दिवसांचे असते. तेथील एका राष्ट्रीय समितीने १९८३ साली ते २०० ते २२० दिवसांचे करण्याचा विचार व्हावा, अशी शिफारस केली. याच्या उलट जपानने १९९२ पासून टप्प्याटप्प्याने शनिवारची शाळा कमी करीत नेली आणि २००२ साली ती सर्वस्वी बंद केली. मागाहून तेथे पाठांचे तास पुन्हा वाढविण्यात आले. फिनलंडची शाळा १९० दिवसांची, तरीही तेथील शिक्षणाची वाखाणणी जगभर होते. यावरून दिवस वाढले की विद्या त्याच मापाने वाढते, असा त्रैराशिकाचा नियम येथे लागू पडत नाही, एवढे उघड होते.

मग दिवसांना काही किंमतच नाही काय ? तसेही नाही. या बाबतीत दोन देशांचे अनुभव फार बोधप्रद आहेत. पश्चिम जर्मनीत पुष्कळ राज्यांची शाळा वसंत ऋतूत सुरू होत असे. ती शरद ऋतूच्या तोंडाशी सुरू करावयाची ठरल्यामुळे १९६६ आणि १९६७ या काळात अनेक राज्यांनी दोन आखूड वर्षे घेतली. सदतीस आठवड्यांचे काम सुमारे चोवीस आठवड्यांत उरकावे लागले; अभ्यासक्रम मात्र तोच ठेवण्याचा प्रयत्न झाला. योर्न-स्टेफेन पिश्के या अर्थशास्त्रज्ञाने पुढे त्या मुलांचा शोध घेतला, तेव्हा असे आढळले की प्राथमिक शाळेत त्याच इयत्तेत पुन्हा बसावे लागलेल्या मुलांची संख्या वाढली आणि वरच्या दर्जाच्या माध्यमिक शाळांत जाणारी मुले घटली. मात्र ती पिढी मोठी झाल्यावर तिच्या कमाईत वा नोकरीत त्यामुळे तोटा झालेला दिसला नाही.

इंडोनेशियात याच्या उलट घडले. तेथील वर्ष जानेवारीत सुरू होई. ते जुलैत सुरू करण्याच्या निर्णयामुळे १९७८-७९ मध्ये मुलांना त्याच इयत्तेत सुमारे सहा महिने अधिक मिळाले. या लांब वर्षाचा लाभ झालेल्या मुलांत नापास होण्याचे प्रमाण घटले आणि ती पुढे अधिक शिकली, असे नंतरच्या अभ्यासात दिसून आले. दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली म्हणजे एक गोष्ट मनात ठसते. हुशार आणि घरून पाठबळ असलेला विद्यार्थी आखूड वर्षातही तरून जातो. वेळेची तूट पडते तेव्हा पहिला बुडतो तो कच्चा विद्यार्थी. आणि वेळ वाढतो तेव्हा पहिला हात मिळतो तोही त्यालाच.

आता आपण आपल्या घराकडे वळू. पंचांगात लिहिलेला दिवस आणि मुलाच्या पदरात पडलेला दिवस यांत मोठे अंतर असते. सन २००३ मध्ये देशातील वीस राज्यांतल्या सुमारे ३७०० सरकारी प्राथमिक शाळांना पूर्वसूचना न देता भेटी देण्यात आल्या. त्या वेळी शेकडा २५ शिक्षक शाळेत नव्हते आणि प्रत्यक्ष शिकवीत असलेले निम्मेच आढळले. आपल्या महाराष्ट्रात गैरहजेरी सर्वांत कमी, शेकडा १५ च्या आसपास होती, हे आम्ही अभिमानाने सांगतो; पण सातात एक शिक्षक जागेवर नसणे हीदेखील लहान गोष्ट नव्हे. शिक्षकाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढीच शाळाबाह्य कामे कायद्याने शिक्षकावर टाकता येतात. तथापि माहितीचे तक्ते, सर्वेक्षणे आणि बैठका यांनी त्याचा किती दिवस खाल्ला जातो, हे त्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या आम्हां मंडळींस कोणी सांगावयास नको.

राजस्थानात उदयपूरकडच्या खेड्यांत सेवामंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत एक साधा प्रयोग झाला. शिक्षकाने शाळा सुरू होताना आणि सुटताना मुलांसह छायाचित्र काढावयाचे आणि त्या हजेरीवर वेतन मिळावयाचे. गैरहजेरी शेकडा ४२ वरून २१ वर आली आणि मुलांची प्रगतीही सुधारली. येथे वर्षात एकही दिवस वाढविलेला नव्हता. होते तेच दिवस हाती आले.

दिवसाच्या पोटातील तासाचेही तसेच आहे. ८०० तास २०० दिवसांत वाटले तर दिवसाला चार तास येतात. घंटा झाल्यावर मुलांना जागेवर बसविणे, हजेरी, खिचडीची धांदल, निरोपानिरोपी यांत रोजचा अर्धा तास गेला, तर वर्षाचे १०० तास गेले, म्हणजे चार तासांच्या हिशेबाने पूर्ण पंचवीस दिवस गेले. मे महिन्यात आपण पैसे खर्चून जेवढे दिवस मिळवू पाहतो, जवळजवळ तेवढेच दिवस येथे फुकट सांडत असतात.

यानंतर सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. शाळेचे वर्ष निराळे आणि मुलाचे वर्ष निराळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हिमवर्षावामुळे शाळा अधूनमधून बंद पडतात. जोशुआ गुडमन यांच्या २०१४ च्या अभ्यासात असे दिसले की, सर्वांची शाळा बंद राहिलेल्या दिवसांनी मुलांच्या परीक्षेवर फारसा परिणाम झाला नाही. मात्र शाळा चालू असताना एकटे मूल घरी राहिले, त्या दिवसांनी झाला. कारण शिक्षकास सहज पटण्याजोगे आहे. सर्व वर्गाचा पाठ बुडाला तर शिक्षक दुसऱ्या दिवशी तोच पाठ घेतो. एकाचाच बुडाला तर वर्ग पुढे जातो आणि ते मूल मागे राहते. वजाबाकीतील उसना ज्या दोन दिवसांत समजाविला, त्या दोन दिवसांत जे मूल नव्हते, त्याची पुढे भागाकाराची पायरीही डळमळते. घरची माणसे म्हणतात, पोराला गणित येतच नाही.

याचे ठळक उदाहरण मराठवाड्यात दिसते. बीडकडची कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शाळेच्या पटावर मुलाचे वर्ष पुरे असते, परंतु त्याच्या वाट्याला वर्षाचा मधला गाभाच येत नाही. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे यासाठीच निघाली. त्या मुलाला मे महिन्याचा वर्ग देऊन भागणार नाही. त्याला हंगामात गावी राहण्याची सोय हवी.

आणि आपण सुखवस्तू म्हणविणारे तरी काय करतो ? लग्नसराईत शाळा बुडवून आठ-आठ दिवस मुलांना घेऊन जातो. जत्रा, वास्तुशांत, जावळ यांसाठी सोयीचा दिवस पाहताना शाळेचा दिवस कोणी पाहत नाही. आई कामात असली की धाकट्याला सांभाळण्यासाठी मुलीलाच घरी ठेवतात, मुलाला नाही. मेमध्ये वर्ग मागावयाचे आणि डिसेंबरात स्वतःच्या हाताने शाळा बुडवावयाची, ही विसंगती आपणच दूर केली पाहिजे.

सुटीविरुद्ध जो आक्षेप घेतला जातो, त्यातही तथ्य आहे. अमेरिकेतील अनेक अभ्यासांचा १९९६ साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीत सरासरी महिनाभराचे शिक्षण पुसले जाते, असे दिसले. पण तेथेही भेद होता. गणित साऱ्यांचेच गंजते. वाचन मात्र गरीब घरच्या मुलांचे मागे पडते, पुस्तके असलेल्या घरातील मुलांचे पडत नाही. म्हणजे दोष सुटीचा जितका, तितकाच रिकाम्या फळीचा. शिवाय आपला मे महिना म्हणजे पत्र्याखाली तापणारे वर्ग आणि आटलेल्या विहिरी. विदर्भातील शाळा उन्हामुळेच उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या २५ तारखेपर्यंत नेल्या, तेव्हाही उन्हाचीच तक्रार पुढे आली. आजोळी जाणे, पोहावयास शिकणे, आजीजवळ बसून गोष्टी ऐकणे हेही शिक्षणच आहे; ते सर्व मुलांकडून सरसकट काढून घेण्यास सबळ कारण पाहिजे.

तथापि मागे पडलेल्या मुलाकडे डोळेझाक करता येणार नाही. ग्रामीण भारतात पाचवीतील सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता येतो, असे ‘असर’ची २०१८ ची पाहणी सांगते. त्यानंतर २०२० मध्ये कोविडच्या साथीने शाळांची दारे दीर्घकाळ बंद झाली आणि ज्यांच्या घरी शिकविणारे कोणी नव्हते, त्यांचे नुकसान सर्वाधिक झाले. अशा मुलांसाठी काय उपयोगी पडते, हेही ठाऊक आहे. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये ‘प्रथम’ संस्थेने दहा-दहा दिवसांची शिबिरे मिळून सुमारे पन्नास दिवस काम केले. मुले इयत्तेप्रमाणे न बसविता, ज्याला अक्षरे येतात त्याचा एक गट आणि ज्याला शब्द येतात त्याचा दुसरा, अशी बसविली. थोड्या दिवसांत वाचन आणि अंकगणित पुष्कळ सुधारले. तेथे मुलाला जे येत नव्हते नेमके तेच शिकविले गेले, यातच त्या दिवसांचे मोल होते.

म्हणून आमचे नम्र मत असे की, सर्वांसाठी मे महिन्याचे पूर्ण वेळ वर्ग चालवू नयेत. त्याऐवजी तिसरी ते पाचवीतील ज्या मुलांना वाचता येत नाही, त्यांचीच चाचणी घेऊन निवड करावी आणि त्यांच्यासाठी दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीत दहा-दहा दिवस, सकाळी दोन तासांचे वर्ग चालवावेत. निवृत्त शिक्षक ते विनावेतन घेतील. आमचे नाव त्या यादीत पहिले लिहावे. उरलेल्या पैशांतून प्रत्येक गावच्या शाखेला एक पुस्तकांची पेटी द्यावी. ज्यांच्या आईबापांना पोटासाठी बाहेरगावी जावे लागते, त्यांच्या मुलांची हंगामापुरती सोय आपल्या वसतिगृहात करावी.

निधीला हात न लावता होण्याजोग्या गोष्टीही दोन आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. तेथे आपण जावे आणि शाळा किती दिवस भरली याबरोबरच किती तास शिकविले गेले, हेही सौजन्याने विचारावे. आणि या संमेलनात उपस्थित कुटुंबांनी एवढा निश्चय करावा की, लग्न-मुंज-जत्रेसाठी मुलांची शाळा बुडविणार नाही आणि घरकामासाठी मुलीला घरी ठेवणार नाही. मंडळाने लग्नपत्रिका पाठविणाऱ्यांनाही सुटीतलाच मुहूर्त धरण्याची विनंती करावी.

शाळेचे वर्ष सरकार ठरवील. ते २२० दिवसांचे राहो वा २३४ दिवसांचे होवो. आपल्या मुलाच्या वाट्याला त्यांतील किती दिवस येतात, हे बव्हंशी आपल्याच उंबऱ्याच्या आत ठरते. तेवढे आपण सांभाळले, तर निधीतील प्रत्येक रुपया जेथे खरी गरज आहे तेथे पोहोचेल.