शकुंतलेची साक्ष आणि यमूची कहाणी

शाळेच्या वर्गांत स्वभावचित्रणाचा प्रश्न आला कीं त्याचें उत्तर बहुधा ठराविक सांच्यांतून बाहेर पडतें. शकुंतला कशी होती? तर निसर्गकन्या, लाजाळू, प्रेमळ, सहनशील. दुष्यंत कसा होता? तर धीरोदात्त, शूर, रसिक. प्रत्येक विशेषणाला नाटकांतील एकेक प्रसंग जोडला म्हणजे विद्यार्थ्याच्या पदरांत पुरेसे गुण पडतात आणि परीक्षकाचेंही समाधान होतें. परंतु ही ओळख म्हणजे एखाद्या गृहस्थाच्या सामानाची यादी वाचून त्या गृहस्थाला ओळखण्यासारखें आहे. यादींत चूक कांहींच नसते. फक्त माणूस तिच्यांत सांपडत नाहीं.

माणसाचा स्वभाव कळतो तो त्याची कसोटी लागते त्या वेळीं. साहित्यांत अशा कसोट्या पुष्कळ आढळतात. त्यांतील एक फार जुनी व फार कठीण. एखादें माणूस खरें बोलत आहे, पण त्याच्यापाशीं पुरावा नाहीं; ऐकणाराच्या हातीं सत्ता आहे, आणि तो विश्वास ठेवण्यास तयार नाहीं. अशा वेळीं बोलणारें काय करतें, ऐकणारा काय करतो, आणि त्या खऱ्या शब्दाला शेवटीं आधार कोणाचा मिळतो? महाभारतांतील शकुंतला, कालिदासाची शकुंतला आणि हरिभाऊ आपटे यांची यमू या तिघींविषयीं हे प्रश्न विचारून पाहण्यासारखे आहेत.

महाभारताच्या आदिपर्वांतील शकुंतला वर्गांतल्या त्या विशेषणांत मुळींच बसत नाहीं. कण्व आश्रमांत नसतांना दुष्यंत येतो; आपल्या जन्माची हकीकत ती स्वतःच त्याला सांगते; गांधर्वविवाहाला मान्यता देण्यापूर्वीं आपल्या पोटीं येणाऱ्या पुत्रालाच राज्य मिळावें असें वचन घेते. पुढें तिचा मुलगा सहा वर्षांचा होतो, वनांतील सिंहवाघांना धरून झाडांना बांधूं लागतो, आणि कण्व तिला पतीकडे पाठवितात. राजसभेंत ती मुलाला घेऊन उभी राहते. दुष्यंत म्हणतो, आपल्याला कांहीं आठवत नाहीं. येथें व्यासांनीं आडपडदा ठेवलेला नाहीं: राजाला सर्व कांहीं आठवत होतें, असें त्यांनीं स्पष्ट सांगून टाकलें आहे. येथें शाप नाहीं, मुद्रिका नाहीं, विस्मृति नाहीं. येथें आहे तें उघड खोटें.

या खोट्याला शकुंतला रडून उत्तर देत नाहीं. ती वाद घालते. एकांतांत केलेलें पाप कोणी पाहिलें नाहीं असें मानणाऱ्याला अंतर्यामीं बसलेला साक्षी पाहत असतो, हें ती त्याला ऐकवते. पत्नी म्हणजे काय, पुत्र म्हणजे काय आणि सत्याचें मोल काय, हें ती भर सभेंत सांगते. राजा तिच्या आईची, मेनकेची, निंदा करतो. तेव्हां तुझ्यामाझ्यांत मेरु आणि मोहरी यांच्याइतकें अंतर आहे, असें ती त्याला सुनावते. शेवटीं, तुझ्यावांचूनही माझा पुत्र पृथ्वीचें राज्य करील, असें सांगून ती पाठ फिरवते. त्यानंतर आकाशवाणी होते आणि राजा मुलाला जवळ घेतो.

या कथेंतील खरा स्वभावदर्शक क्षण आकाशवाणीनंतरचा आहे. राजा मंत्र्यांना सांगतो कीं, केवळ हिच्या शब्दावरून मुलाचा स्वीकार केला असता तर लोकांनीं शंका घेतली असती. म्हणजे आकाश बोलेपर्यंत तिचा शब्द अपुरा होता, आणि तो अपुरा आहे हें राजानें मनाशीं आधींच ठरविलें होतें. एवढ्यानेंही भागत नाहीं. रागाच्या भरांत ती जें कांहीं कठोर बोलली त्याबद्दल तो तिला क्षमा करतो! खोटें बोललेल्यानें खरें बोललेलीला क्षमा करावी आणि कथा तेथेंच गोड व्हावी, यांत त्या काळची राजनीति आहे व त्या काळचा संसारही आहे. व्यासांनीं दोन्ही जसें होतें तसें मांडलें. रंगसफेदी केली नाहीं.

कालिदासाला हा नायक चालण्यासारखा नव्हता. जो जाणूनबुजून खोटें बोलतो त्याच्या विरहाचें दुःख रसिकांनीं काय म्हणून वाटून घ्यावें? म्हणून त्यानें दुर्वासाचा शाप आणला, मुद्रिका आणली, आणि राजाचा अपराध त्याच्या इच्छेंतून काढून दैवाच्या स्वाधीन केला. सात अंकांच्या या नाटकांतील ही योजना कलेच्या दृष्टीनें अपूर्व आहे. तिच्यामुळें पांचव्या अंकांत दोन प्रामाणिक माणसें समोरासमोर येतात, आणि दोघांपैकीं कोणीही खोटें बोलत नसतांना एकाकडून दुसऱ्यावर भयंकर अन्याय होतो.

मात्र या योजनेची किंमत शकुंतलेनें दिली आहे. तिच्या बोटांत अंगठी नसते. मग ती एक आठवण सांगते: हरिणाच्या पाडसानें राजाच्या हातचें पाणी प्यालें नाहीं, तिच्या हातचें प्यालें, आणि त्यावर राजा थट्टेनें काय म्हणाला होता. ज्याच्यापाशीं दुसरा पुरावा उरत नाहीं त्याच्यापाशीं अशाच बारीकसारीक गोष्टी उरतात. राजा उत्तर देतो कीं, स्त्रियांची धूर्तता उपजतच असते; कोकिळाही आपलीं पिलें दुसऱ्याकडून वाढवून घेते. शार्ङ्गरव संतापानें विचारतो कीं, जन्मांत कपट न शिकलेलीचा शब्द खोटा आणि दुसऱ्याला फसविणें हीच विद्या म्हणून शिकणाऱ्यांचा शब्द खरा मानावयाचा काय? या नाटकांतील सर्वांत धारदार प्रश्न हाच. परंतु तोच शार्ङ्गरव दुसऱ्या क्षणीं तिला म्हणतो कीं, तूं निर्दोष असशील तर नवऱ्याच्या घरीं दासी म्हणूनही राहा. आणि पुरोहित तोड सुचवितो ती अशी कीं, मूल जन्माला येऊं द्यावें. त्याच्या अंगावर चक्रवर्तीचीं लक्षणें दिसलीं तर हिला अंतःपुरांत घ्यावें. म्हणजे येथेंही पुरावा तिच्या शब्दांत नाहीं, न जन्मलेल्या बाळाच्या अंगावर आहे.

पुढें धीवराला माशाच्या पोटांत अंगठी मिळते, राजाला स्मरण होतें, पश्चात्तापानें तो झुरतो. सातव्या अंकांत तो शकुंतलेच्या पायां पडतो. व्यासांच्या दुष्यंतानें क्षमा केली होती, कालिदासाचा दुष्यंत क्षमा मागतो. हा फरक लहान नव्हे. पण त्याहून लहानशी वाटणारी आणखी एक गोष्ट आहे. राजा तिला ती अंगठी पुन्हां घालूं पाहतो, तेव्हां ती नाकारते. या अंगठीवर आपला आतां विश्वास नाहीं, ती आर्यपुत्रांनींच ठेवावी, असें म्हणते. पांचव्या अंकांत जिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाहीं ती सातव्या अंकांत पुराव्यावरच अविश्वास दाखविते! सहनशीलता एवढ्या एकाच शब्दांत ही शकुंतला मावत नाहीं ती या कारणानें.

हेंच नाटक मराठी वेषांत 1880 सालीं पुण्याच्या रंगभूमीवर आलें. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग त्या वर्षीं 31 ऑक्टोबरला झाला, आणि मराठी संगीत नाटकाचें युग सुरू झालें. शकुंतलेच्या दुःखानें प्रेक्षागृहें गहिंवरलीं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणें तें दुःख पुरुषनटाच्या तोंडून ऐकूं येत होतें. त्याच शहरांतल्या वाड्यावाड्यांतून माजघरांत बसलेल्या बायकांचें दुःख मात्र कोणाच्याच कानीं जात नव्हतें.

पुढें दहा वर्षांनीं, 1890 सालीं, हरिभाऊंनीं पुण्यांत ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें आणि त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापली. संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रांत रणें माजलीं होतीं, आणि 1891 सालीं तो मंजूर झाला, तोच हा काळ. सभांतून, वर्तमानपत्रांतून स्त्रियांविषयीं पुरुष बोलत होते. हरिभाऊंनीं यमूला स्वतःचीच कहाणी सांगावयास लावलें. ती राजकन्या नाहीं, अप्सरेची मुलगी नाहीं. मध्यमवर्गीय ब्राह्मण घरांतली मुलगी. लहानपणीं लग्न, सासरचा जाच, मैत्रीण दुर्गी हिच्या संसाराची डोळ्यांदेखत झालेली धूळधाण. पति रघुनाथराव सुशिक्षित व समंजस निघाला, आणि मुंबईच्या बिऱ्हाडांत तिला थोडे दिवस सुखाचे लाभले. मग तो गेला, आणि शंकरमामंजीसारख्या ढोंगी माणसाच्या कारस्थानानें तिच्या इच्छेविरुद्ध तिचें केशवपन झालें.

आतां तेच प्रश्न येथें विचारावे. यमूचा नकार खरा आहे. तो तिनें स्पष्ट शब्दांत सांगितलेला आहे. ऐकणारांच्या हातीं सत्ता आहे. आकाशवाणी होत नाहीं, कारण आकाशानें एकोणिसाव्या शतकांत बोलणें सोडलें आहे. कोणत्याही माशाच्या पोटांतून अंगठी निघत नाहीं. येथें शापही नाहीं. घरांतलीं माणसें शुद्धीवर राहून, धर्माचें नांव घेऊन हें करतात. दुष्यंताच्या वतीनें कालिदासानें जी सबब काढून दिली ती यमूच्या घरच्यांना हरिभाऊ मिळूं देत नाहींत. या दृष्टीनें आधुनिक कादंबरीकार कालिदासापेक्षां व्यासांच्या अधिक जवळचा ठरतो. मग तिच्या शब्दाला आधार कोणाचा? उत्तर कादंबरीच्या नांवांतच आहे. तो प्रश्न कादंबरींतील कोणाही पात्राला विचारलेला नसून, दर आठवड्याला अंक उघडणाऱ्या वाचकाला विचारलेला आहे. राजसभेची जागा वाचकानें घेतली, आणि आकाशवाणीचें कामही त्याच्याच गळ्यांत पडलें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. यमूची वाणी स्त्रीची असली तरी लेखणी पुरुषाचीच होती; ज्याप्रमाणें रंगभूमीवरील शकुंतलेचा गळा पुरुषाचा होता त्याप्रमाणेंच. परंतु तो गळा लिहून दिलेलें गात होता, आणि ही लेखणी माजघराच्या दाराशीं कान देऊन बसली होती. आणि पुढें खऱ्या लेखण्याही आल्याच: 1910 सालीं रमाबाई रानडे यांच्या आठवणी, आणि 1934 सालापासून लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’. त्या बायांना आपलें म्हणणें दुसऱ्याच्या तोंडून सांगण्याची गरज उरली नाहीं.

तेव्हां पुढच्या खेपेस वर्गांत शकुंतलेचें स्वभावचित्रण करावयाचें झाल्यास तिचे गुण मोजण्याऐवजीं मुलांना इतकेंच विचारावें: तिच्यावर विश्वास कोणी ठेवला, केव्हां ठेवला, आणि तिनें सांगितलें म्हणून ठेवला कीं दुसऱ्या कोणी सांगितलें म्हणून? उत्तरें सांच्यांत बसणार नाहींत, गुण देतांना परीक्षकाला थोडें थांबावें लागेल. परंतु एखाद्या मुलीनें वही मिटून आपल्या घरांतलीं माणसें आठवून पाहिलीं, आणि एखाद्या मुलानें घरीं गेल्यावर आईचें बोलणें मध्येंच तोडलें नाहीं, तर कालिदास आणि हरिभाऊ हे दोघेही त्यांना खरे समजले असें म्हणावयास हरकत नाहीं.