भिंतीचा चुना कुठे गेला?

(युवा शिबिरातील फोटोग्राफीच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, सगळ्या मुलामुलींकडे मोबाइल आहेत, त्यांना एडिटिंग शिकवा. शिकवतो. पण आधी माझ्या खालाच्या भिंतीबद्दल बोलू द्या, कारण मी जे काही शिकलो ते त्या भिंतीपाशी शिकलो.

मी लग्नाचे फोटो काढतो. पोट त्यावर चालतं. उरलेल्या वेळात आपले मोहल्ले, जुन्या इमारती, बाजार यांचे फोटो काढायचा नाद. काही वर्षांपूर्वी मला एचडीआरचं वेड लागलं. एचडीआर म्हणजे काय, ते बीबी का मकबऱ्याच्या उदाहरणानं सांगतो. तुमच्यातले बरेच जण तिथं जाऊन आलेले असतील.

आत गेलं की आपण वरच्या सज्जावर उभे राहतो आणि कबर खाली दिसते, भोवती संगमरवरी जाळी. खिडक्यांच्या जाळ्यांतून बाहेरचं ऊन येतं. आपल्या डोळ्याला जाळीची नक्षी दिसते आणि खालची चादरही दिसते, कारण नजर जिथं वळेल तिथल्या उजेडाशी डोळा जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये ते झेपत नाही. जाळी नीट आली तर खाली काळोख, चादर नीट आली तर जाळीच्या जागी नुसता पांढरा धब्बा. म्हणून तीन फोटो काढायचे. अॅपर्चर आणि आयएसओ तेच ठेवून फक्त शटर बदलायचं: 1/250, 1/60, 1/15. प्रत्येक वेळी चौपट उजेड. मग सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही जोडायचे. मोबाइल हेच काम तुम्हाला न विचारता करतो, पटापट अनेक फोटो घेतो आणि जोडून देतो.

ही युक्ती कॉम्प्युटरच्या आधीची आहे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यानं 1850च्या दशकात समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी निगेटिव्ह एकाच कागदावर छापली होती, कारण त्याच्या काचेवर दोन्ही एकदम उतरत नव्हतं.

खरी गंमत जोडल्यानंतर सुरू होते. जोडलेल्या फाइलमध्ये इतका उजेड-अंधार भरलेला असतो की तो स्क्रीनवर मावतच नाही. पंचवीस माणसांचा स्वयंपाक चार डब्यांत भरायचा, तसं ते काम. त्याला टोन मॅपिंग म्हणतात. काय दाबायचं, काय वर ठेवायचं, हे तुम्ही ठरवता. म्हणजे इथून पुढं कॅमेरा बोलत नाही, तुम्ही बोलता.

आता खालाची भिंत.

तिची गल्ली अरुंद. सकाळी दहाला वर आकाशाची झगझगीत पट्टी आणि खाली सावली. खाला दारात तांदूळ निवडत बसली होती. मागं घराची भिंत, बाजूला नळाखाली प्लास्टिकची बादली. तीन फोटो काढले, घरी येऊन जोडले आणि मग हात सुटला. क्लॅरिटी शंभरवर, सॅच्युरेशन वर. मग वाटलं, रंग नकोत, काळंपांढरं करू, जास्त ‘गंभीर’ दिसेल. आकाश काळंभोर हवं होतं म्हणून निळ्याचा स्लायडर पार खाली ओढला. फोटो झकास झाला. ढग गडगडताहेत, भिंतीवर प्रत्येक पोपडा, खालाच्या चेहऱ्यावर प्रत्येक सुरकुती. एका प्रदर्शनात लागला, सोशल मीडियावर फिरला.

खालाला मोबाइलवर दाखवला. तिनं स्वतःच्या चेहऱ्याबद्दल काही म्हटलं नाही. बराच वेळ बघून म्हणाली, ‘अरे, चुना तो मैंच मारी थी ना? फिर ये दीवार काली कायकू?’

तिनं रमजानच्या आधी त्या भिंतीला चुना मारला होता. कंबर दुखत असताना, स्टुलावर चढून, स्वतः. चुन्यात नीळ घातलेली. मी हसून वेळ मारून नेली.

महिन्याभरात कुणीतरी मला एक लिंक पाठवली. मुस्लिम वस्त्यांतल्या अस्वच्छतेवरची बातमी होती आणि वर माझा फोटो. विचारलं नाही, नाव दिलं नाही, ते सोडा. मला राग आला आणि मी तावातावानं मेल लिहायला बसलो. लिहिता लिहिता थांबलो. त्यांनी फोटोत काहीच बदललेलं नव्हतं. भिंत मीच काळी केली होती.

मेल नंतर पाठवला, फोटो उतरला. पण त्या रात्री मी मूळ फाइल उघडून बसलो, ही भिंत नेमकी कुठं काळी झाली ते शोधायला.

तुम्ही पण नीट ऐका, हे कामाचं आहे. सावलीत सूर्य थेट पडत नाही, तिथं आकाशाचा उजेड असतो आणि तो निळसर असतो. त्यात भिंतीला निळीचा चुना. डोळ्याला ती पांढरी दिसते, कारण मेंदू हिशेब करून घेतो. फाइलमध्ये मात्र ती निळी असते. मी सॅच्युरेशन वाढवलं तेव्हा ती आणखी निळी झाली. मग काळंपांढरं करताना निळा रंग अंधाराकडे ढकलला. मला फक्त आकाश काळं करायचं होतं, पण सॉफ्टवेअरला आकाश आणि खालाची भिंत यातला फरक कळत नाही. त्याच्यासाठी दोन्ही निळं. वर क्लॅरिटीनं ओलीचे फिकट डाग उचलून गडद केले. खोटं असं काहीच नव्हतं, डाग तिथं होतेच, पण कुजबुजीएवढे. मी त्यांना लाउडस्पीकर लावला.

चेहऱ्याचंही असंच. आपल्या कातडीचा रंग, गोरा असो की सावळा, नारिंगी-लालच्या आसपास पडतो. काळंपांढरं करताना नारिंगी वर नेला की चेहरा उजळतो, खाली नेला की काळवंडतो. लग्नाच्या अल्बममध्ये आम्ही तो वर नेतो, कारण नवरीची फुफी मागं उभी राहून सांगते, ‘भाई, थोडी गोरी करो.’ ही पण लबाडीच आहे, फक्त तिचे पैसे मिळतात. उलट्या बाजूचं उदाहरण अमेरिकेतलं. 1994च्या जूनमध्ये ओ. जे. सिम्पसनला अटक झाली. पोलिसांनी काढलेला एकच फोटो ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ दोघांनी मुखपृष्ठावर छापला. ‘टाइम’नं तो गडद केला होता. दोन्ही अंक स्टॉलवर शेजारी दिसले आणि फरक लपला नाही. खटला सुरूही झाला नव्हता. इतका गदारोळ झाला की ‘टाइम’ला खुलासा करावा लागला.

मग काय, रंगांशी खेळायचंच नाही? तसं मी म्हणत नाही. मकबऱ्याचा माझा एक फोटो आहे, पूर्ण निळ्या छटेत, जुन्या ब्लूप्रिंटसारखा. संगमरवर निळा नसतो हे बघणाऱ्याला ठाऊक आहे, कुणी फसत नाही. दुसऱ्या एका फोटोत सावल्यांना हलका तपकिरी आणि उजेडाला फिकट पिवळा रंग दिलाय. मला तो आवडतो. फक्त घुमटाच्या कडेवर नजर ठेवा. स्लायडर जास्त ओढला की घुमटाभोवती पांढरं वलय येतं, जसा काही नूर बरसतोय. तो नूर नाही, बिघडलेलं टोन मॅपिंग आहे. आणि सगळं काळंपांढरं करून फक्त लाल ओढणी लाल ठेवायची, ती पद्धत मला व्यक्तिशः सहन होत नाही. पण तुमचं वय आहे, एकदा करून बघा.

दगड आणि आकाशाबाबतीत मी हात सैल सोडतो. माणूस आणि माणसाचं घर आलं की आखडता घेतो, कारण तो फोटो त्याच्या आधी लोकांपर्यंत पोहोचतो.

भिंतीचा फोटो मी परत केला. तिन्ही मूळ फाइल शाबूत होत्या. म्हणून सांगतो, रॉ फाइल कधी डिलीट करू नका. या वेळी आकाशासाठी वेगळा मास्क लावला, निळा स्लायडर हलवलाच नाही. क्लॅरिटी दहावर आणली, चेहऱ्यावरून पुसून टाकली. भिंत उजळली. आकाश साधंच राहिलं आणि, खरं सांगतो, फोटो पहिल्याइतका ‘जबरदस्त’ नाही. कुठल्या प्रदर्शनात लागला नसता.

प्रिंट काढून खालाकडे नेला. तिनं चष्मा लावला, भिंत पाहिली, मान हलवली. मग बोट ठेवलं बादलीवर. ही काढता येत नाही का, म्हणाली. मी म्हटलं, येते खाला, पण नाही काढणार. तिथं होती ना ती.

‘तो फिर से आ,’ ती म्हणाली. ‘मैं बाल्टी उठाके रखती.’