पिकअप ‘पिकअप’ घेत नाही तेव्हा

गॅरेजमध्ये बोलली जाणारी मराठी तुम्ही कधी कान देऊन ऐकली आहे का? तिथे गाडीला दम लागतो, इंजिन खोकतं, आचके देतं, गुदमरतं, एखादं तर चक्क ‘बसतं’. कवितेत आम्ही ज्याला चेतनगुणोक्ती म्हणतो, ती तिथे रोजच्या वापरातली असते. आणि ती नुसती शोभेची नसते. शब्द नीट ऐकले तर निम्मं निदान त्यातच झालेलं असतं. आज अशाच एका दमेकरी गाडीची हकिगत सांगणार आहे.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. जुनी, डिझेलवर चालणारी, साध्या यांत्रिक पंपाची पिकअप. आमचं घर कशेडी घाटाच्या पायथ्याशी. पोलादपूर, महाड, नाहीतर घाट चढून खेड, या बाजारांना आंबे, भाजी, पत्रे, लग्नाची भांडी, जे मिळेल ते या गाडीने वाहिलं. भाऊ गेला आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. पुतण्या तेव्हा आखातात नोकरीला होता. आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी परदेशात असतोच. तीन पावसाळ्यांनंतर तो परतला, तो आता गावातच धंदा करायचा असं मनाशी ठरवून.

नवी बॅटरी टाकली, गाडी सुरू झाली. उभ्या जागी इंजिन सुरेख चाले. पण वाडीच्या चढणीला लागलं आणि पाय दाबला, की आचके. “चाचा, पिकअप ‘पिकअप’च घेत नाही,” पुतण्या म्हणाला. त्यात विनोद आहे हे त्याच्या ध्यानीही नव्हतं. एका गॅरेजवाल्याने फोनवरच सांगून टाकलं, की पंप आणि नोझल उतरवावे लागतील. खर्चाचा आकडा ऐकून घरात दोनच वाटा दिसू लागल्या. गाडी भंगारात द्यायची आणि मुलाने पुन्हा व्हिसा काढायचा. भाभी काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी शेडकडे पाहिलंही नाही.

मग आम्ही पोलादपूरच्या एका वयस्क मेस्त्रींना घरी बोलावलं. कारण विमा आणि फिटनेस दोन्ही संपलेले. कागद होईपर्यंत गाडी हमरस्त्यावर न्यायची नाही, हे पुतण्याने पक्कं धरलं होतं.

मेस्त्री आले आणि पान्याला हात न लावता त्यांनी आधी प्रश्न विचारले. आचका थंड इंजिनाला येतो की तापल्यावर? सपाटीवर की चढावर? रिकाम्या गाडीला की भरलेल्या? धूर कसला? हौद्यात वीसेक चिरे भरून पुतण्याने गाडी चढणीला घातली. मेस्त्री धुराकडे पाहत राहिले. आचका येत होता, ताकद जात होती, पण काळा धूर नव्हता.

“कविराज,” ते मला म्हणाले, “काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. इथे ताकद जाते आणि धूर काळा नाही. म्हणजे ही उपाशी आहे.”

हे समजायला इंजिनाचा थोडा स्वभाव माहीत हवा. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचं इंजिन 1897 मध्ये यशस्वीपणे चाललं. त्यात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची, की ती दाबानेच प्रचंड तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारायचा. फवारा वेळेवर आणि पुरेसा आला नाही, तर इंजिन अडखळतं. उभ्या जागी त्याला डिझेल थोडं लागतं, ते कसंबसं पुरतं. चढावर भूक वाढली, की पुरवठ्यातलं उणं उघडं पडतं.

आता शेडमध्ये उभी असलेली गाडी बिघडते कशी? माणूस म्हणतो, ती चाललीच नाही तर झिजेल कशाने? पण अर्धवट भरलेली टाकी दिवसाच्या उन्हाने आणि रात्रीच्या गारव्याने श्वास घेत असते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या दमट हवेतली वाफ टाकीच्या पत्र्यावर थिजते आणि पाणी होऊन खाली उतरते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. तिथे गंज चढतो, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात त्या रेषेवर जिवाणू नि बुरशी वाढते. त्यांची बुळबुळीत साय फिल्टरमध्ये जाऊन बसते.

मेस्त्रींचा क्रम असा होता, की फुकटचं आधी, स्वस्तातलं नंतर, महागाचं सर्वांत शेवटी. हवेचा फिल्टर उघडला. आत उंदरांनी आणलेला भाताचा कोंडा निघाला. तो साफ केला, पण आचका तसाच. टाकीच्या झाकणाचं श्वासाचं छिद्र बुजलं, तर आत पोकळी होऊन डिझेल अडतं. म्हणून झाकण सैल ठेवून पाहिलं. फरक नाही. मग फिल्टरखालची तोटी उघडून काचेच्या बाटलीत डिझेल घेतलं आणि बाटली ओट्यावर ठेवून चहा घेतला. चहा संपेपर्यंत तळाला दोन बोटं पाणी वेगळं दिसू लागलं, त्यावर काळपट साय. टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदलले, ताजं डिझेल भरलं.

आचके कमी झाले, पण गेले नाहीत. पुतण्याचा चेहरा पडला. “म्हणजे पंपच?” त्याने विचारलं. मेस्त्री म्हणाले, “पोरा, एक रोग सापडला म्हणजे दुसरा नसतो असं कुणी सांगितलं?”

मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घेतलं, कॅन बांधून टाकला, नव्या नळीने तो थेट फीड पंपाला जोडला, परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडली. शेजाऱ्याला विडी विझवायला लावली. हाताच्या पंपाने आतली हवा काढून, तीच चढण, तेच चिरे. गाडी एकदाही अडखळली नाही. म्हणजे पंप निर्दोष, नोझल निर्दोष. गुन्हेगार टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये कुठेतरी.

पुन्हा टाकी जोडली आणि वाटेत वीतभर पारदर्शक नळी बसवली. इंजिनाचा वेग वाढवताच नळीतून बुडबुडे धावू लागले. टाकीपाशी रबरी नळीचा एक तुकडा होता. वरून धड, खालून तडकलेला. थेंबही गळत नव्हता, कारण त्या भागात डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. चिरेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत जाते. आणि हवा दाबली की आकसते. पंपाचा जोर तिला दाबण्यातच खर्ची पडतो, नोझल उघडत नाही. मेस्त्री लोक याला ‘गाडी एअर घेते’ म्हणतात. नळी आणि क्लिपा मिळून दोनशे रुपयांच्या आत काम झालं.

हे सगळं पैशापुरतं नाही. कशेडीच्या चढावर भरलेली गाडी अचानक बंद पडली, तर ब्रेकला मिळणारी निर्वात पंपाची मदत थांबते. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं, आणि मागे उतार असतो. 2023 च्या गणेशोत्सवात कशेडीच्या बोगद्याची एक बाजू हलक्या वाहनांना खुली झाली, पण बोगद्यातही बंद पडलेली गाडी मागून येणाऱ्याच्या जिवावर उठते. म्हणून मेस्त्रींनी इंजिन सुधारल्यावरही गाडी सोडली नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, चाकांतले सिलिंडर गंजून अडकतात. ते उघडले, ऑइल बदललं, टायरच्या कडा वाकवून भेगा पाहिल्या. पंपाचे वाचलेले पैसे विमा, फिटनेस आणि टायर यांतच गेले. पण गाडी रस्त्यावर आली.

तुमच्या दारी एखादं वाहन बराच काळ उभं राहणार असेल, तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे ओल धरायला हवा उरत नाही. बॅटरीची तार काढा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, गियर टाकून चाकांना दगड लावा. पुन्हा काढताना आधी पाणी तपासा, मग फिल्टर, मग रबराच्या नळ्या, आणि ब्रेक तपासल्याशिवाय चाक हलवू नका. मात्र नव्या कॉमन रेल गाड्यांत इंधनाचा दाब हजार बारच्याही वर असतो. तिथे घरच्या घरी नळ्या सैल करण्याचं धाडस नको, ते काम जाणकाराचंच.

पुतण्याने अजून आखाताचा विचार पुरता सोडलेला नाही. कर्जाचा हप्ता आहे, बहिणीचं लग्न आहे. पण एक हंगाम तरी इथे करून पाहतो म्हणतो. पहाटे माल भरण्याआधी फिल्टरखालची तोटी उघडून तो बाटलीत चार थेंब घेतो आणि उजेडासमोर धरून पाहतो. भाभी तोवर त्याचा डबा भरून ओट्यावर आणून ठेवतात.