तिकिटावरचं नाव, पासपोर्टवरचं नाव
(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला ‘करिअर’वर बोला असं सांगितलं होतं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे ते बरोबरच आहे. पण इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना येत्या दोन-चार वर्षांत पहिली अडचण येईल ती कोडिंगची नसेल, नावाची असेल. म्हणून आज नावावर बोलतो.

तीन वर्षांपूर्वी अम्मी-अब्बांना उमराहला पाठवत होतो. मुंबईचं विमानतळ, रात्रीचे अडीच. अब्बा एहरामच्या दोन चादरींत, एसीने कुडकुडत. काउंटरवरच्या मुलीने अम्मीचा पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिलं, परत पासपोर्ट पाहिला आणि म्हणाली, ‘सर, ही दोन वेगळी नावं आहेत.’ पासपोर्टवर अम्मीच्या नावाला ‘बी’ जोडलेलं आणि आडनावाची जागा रिकामी. तिकिटावर ‘बी’ नाही, मध्ये अब्बांचं नाव आणि शेवटी शेख. चूक माझीच होती. बुकिंगच्या वेळी मी एजंटला व्हॉट्सॲपवर आधारचा फोटो पाठवला होता. व्हिसा निघाला पासपोर्टवरून, तिकीट निघालं आधारवरून. दहा वर्षं डेटाबेसवर काम करणारा माणूस मी, आणि घरातल्या दोन कागदांवरचं नाव जुळतं का, एवढं पाहिलं नाही.

एजंटला झोपेतून उठवलं, फोनाफोनी झाली, पैसे भरले. काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं असताना बोर्डिंग पास हातात आला. तोपर्यंत अम्मी सामानाच्या ट्रॉलीला टेकून उभी होती. मला एवढंच म्हणाली, ‘निकाह में तो मेरा एकच नाम पढ्या था रे.’

मग तिची चार नावं झाली कशी? मराठवाड्यात आपली नावं ‘शेख अमुक शेख तमुक’ अशी लिहितात. आधी शेख, मग मुलाचं नाव, मग परत शेख, मग बापाचं नाव. गावात यात काहीच अडत नाही. पण कॉम्प्युटरच्या फॉर्ममध्ये दोन रकाने असतात, पहिलं नाव आणि आडनाव. तो पहिला शब्द नाव समजतो, शेवटचा आडनाव. माझ्या पहिल्या कंपनीत माझा ईमेल आयडी अब्बांच्या नावाने निघाला होता. अब्बांना सांगितलं तर ते खूश झाले!

त्यात स्पेलिंग. शेख हा शब्द उर्दूत तीन अक्षरांचा, मराठीत दोन. इंग्रजीत मात्र एस-एच-ए-आय-के-एच, एस-एच-ई-आय-के-एच, शेवटचा एच गाळून एस-एच-ए-आय-के, आणि घाईतल्या कारकुनाच्या हातचं नुसतं एस-के. मोहम्मदचं तर विचारू नका. पूर्ण लिहिण्याच्याच तीन-चार तऱ्हा, शिवाय एम-ओ-एच-डी आणि एम-डी. एम-डी लिहिलं की ते नाव राहत नाही, डिग्री होते. अब्दुलचे हाल आणखी वेगळे. ‘अब्दुल’ हे एकट्याने पूर्ण नावच नाही, ‘चा बंदा’ एवढाच त्याचा अर्थ. पण फॉर्म त्याला तोडतो आणि उरलेला अर्धा भाग आडनाव करून टाकतो. कलाम साहेबांचं घ्या. अब्दुल कलाम हे त्यांचं स्वतःचं नाव, त्याआधीची इंग्रजी अक्षरं वाडवडिलांच्या नावांची. जगाने मात्र ‘कलाम’ हे आडनाव धरलं.

कानाला ही सगळी नावं एकच आहेत. पण मशीनला कान नाहीत, ती अक्षरं मोजते. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला दोन ओळी असतात, बाणासारख्या खुणांनी भरलेल्या. प्रत्येक ओळीत बरोबर ४४ जागा. पहिल्या ओळीत आधी देशाचा कोड, मग आडनाव, मग दोन बाण, मग बाकीचं नाव. नावासाठी एकूण ३९ जागा. जगभरच्या विमानतळांवरची यंत्रं हीच ओळ वाचतात. तुम्हाला घरी काय म्हणतात, दहावीच्या मार्कशीटवर काय आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. म्हणून परदेशी जायचं तिकीट काढताना नाव या ओळीवरून उतरवायचं, अक्षर न् अक्षर. तिकिटावर शब्द जोडून आले किंवा नावाच्या शेवटी ‘एमआर’ चिकटलेलं दिसलं तर घाबरू नका. तो मिस्टर आहे, विमान कंपन्यांच्या सिस्टिमची जुनी सवय.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण तुमच्या मनात ती असणारच. २००९ मध्ये शाहरुख खानला अमेरिकेत नेवार्क विमानतळावर चौकशीसाठी थांबवलं होतं. त्याचे कागद काही चुकलेले नव्हते. नाव बघून थांबवणं हा एक प्रश्न आहे आणि नाव न जुळल्याने थांबवणं हा दुसरा. पहिल्याचा उपाय माझ्याकडे नाही, तो लढायचा विषय आहे. पण आपण दुसऱ्यालाही पहिला समजतो आणि ‘आपल्यासोबत हे असंच होणार’ म्हणून सोडून देतो. त्या रात्री मलाही आधी तसंच वाटलं, राग आला. नंतर कळलं की कागद न जुळणारा प्रवासी परदेशात नेला तर त्याला परत आणण्याचा खर्च आणि दंड विमान कंपनीवर पडतो. ती मुलगी अम्मीवर संशय घेत नव्हती, तिची नोकरी करत होती.

एकेरी नावाचं मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या आया-मावश्यांच्या पासपोर्टवर ते फार दिसतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने नियम केला की पासपोर्टवर एकच शब्द नाव असेल तर टुरिस्ट किंवा व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाही. ज्यांच्याकडे तिथला रहिवासी व्हिसा होता त्यांना तो लागू नव्हता. पुढे काही दिवसांत खुलासा आला की दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल. पण तेवढ्या दिवसांत ज्यांची तिकिटं होती त्यांचं काय झालं असेल, विचार करा. अमेरिकेच्या व्हिसावर आडनाव रिकामं असेल तर तुमचं सगळं नाव आडनावाच्या रकान्यात जातं आणि नावाच्या जागी एफ-एन-यू छापलं जातं. म्हणजे ‘पहिलं नाव माहीत नाही’. असा व्हिसा आला तर तिकिटावर नाव कसं टाकायचं ते विमान कंपनीला विचारूनच टाका.

देशातल्या देशात उडताना इतकं कठीण नाही. तुमचे सगळे कागद एकमेकांशी जुळायची गरज नाही, तिकीट आणि हातातला एक कागद जुळला की झालं. आधारच पाहिजे असंही नाही. मतदार कार्ड, लायसन्स, पॅन, पासपोर्ट, काहीही चालतं. म्हणून आधी ठरवा कोणता कागद नेणार, मग तिकीट काढा. आपण नेमकं उलटं करतो. आणि चूक दिसली की त्याच दिवशी कळवा. थेट विमान कंपनीकडून काढलेलं तिकीट असेल तर २४ तासांत त्याच माणसाच्या नावातली दुरुस्ती फुकट करून मिळते, तसा डीजीसीएचा नियम आहे.

कायमची दुरुस्ती करायची तर आधी खुंटा ठरवा, ज्याला बाकीचे कागद बांधायचे. शिकलेल्यांसाठी माझ्या मते तो दहावीचा कागद, कारण डिग्री, नोकरी, पासपोर्ट सगळं त्यावरून जातं आणि शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमध्ये बदल करणं फार अवघड असतं. तो एक सोडून बाकीचे सरकवा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा घाईत एक संधी वाया घालवू नका. नावात मोठा बदल असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात तो प्रसिद्ध करून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. पासपोर्टवर खाडाखोड होत नाही, नव्या नावाचा नवा पासपोर्ट घ्यावा लागतो. जुन्यावर चालू व्हिसा असेल तर तो जुना सांभाळा, दोन्ही सोबत ठेवा.

शेवटचं मुलींसाठी, आणि त्यांच्या भावांनीही ऐकावं. या घोळात सर्वांत जास्त तुकडे बायकांच्या नावाचे होतात. जन्मदाखल्यावर एक, शाळेत बापाचं नाव लावून दुसरं, मतदार यादीत बेगम, लग्नानंतर नवऱ्याचं नाव. लग्न झालं की नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. आणि आपल्याकडे तर बाईने बापाच्याच नावाने ओळखलं जाणं ही जुनी रीत आहे. माझ्या बहिणीने लग्नानंतर एकही कागद बदलला नाही. सासरी थोडी कुरबूर झाली. पुढे दुबईला जायची वेळ आली तेव्हा अख्ख्या घरात तिचीच फाइल एका फेरीत झाली आणि कुरबूर करणारेच तिला विचारायला लागले, तू कसं केलंस गं?

अम्मीचा नवा पासपोर्ट मागच्या वर्षी आला. आडनावाच्या जागी शेख, नावाच्या जागी तिचं नाव, ‘बी’सकट. ‘बी’ काढू का विचारलं होतं, नको म्हणाली.

मी बाहेरच्या टेबलाजवळ चारपर्यंत आहे. ज्यांना विचारायचंय त्यांनी दोन कागद घेऊन या. आणि मोबाइलमधला फोटो दाखवू नका, मूळ कागद आणा.